भुसावळ ते कुलाबा : रात्रीच्या बँडची आठवण

खान्देशात पाश्चात्त्य धर्तीच्या नाचगाण्याच्या बँडचा माग काढायचा तर सुरुवात भुसावळपासून करावी लागते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. थळ घाट चढून रूळ खान्देशात पोहोचायला पुढे दहा-बारा वर्षे लागली. मग भुसावळला वाट दुभंगली: एक फाटा नागपूरकडे गेला, तो १८६७ मध्ये पुरा झाला, दुसरा खांडव्यावरून जबलपूरला जाऊन १८७० मध्ये कलकत्त्याच्या गाडीला मिळाला. धुळ्याला चाळीसगावहून रेल्वे आली ती १९०० साली, पण धुळे हे त्या फाट्याचे शेवटचे स्टेशनच राहिले. भुसावळ मात्र जंक्शन झाले, आणि जंक्शनबरोबर ड्रायव्हर, गार्ड, फायरमन, फोरमन यांची एक अख्खी वसाहत तापीकाठच्या काळ्या मातीवर उभी राहिली.

त्या वसाहतीतल्या वरच्या पगाराच्या जागा दीर्घकाळ युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसांकडे होत्या. त्यांच्यासाठी बंगले बांधले गेले, चर्च झाले, शाळा झाल्या. ‘पंधरा बंगला’, ‘लिंपस क्लब’ ही नावे आजही भुसावळकरांच्या तोंडी पत्ता सांगताना येतात. रेल्वेच्या भाषेत क्लब हा साहेबांचा आणि ‘इन्स्टिट्यूट’ ही खालच्या नोकरवर्गाची. इन्स्टिट्यूट म्हटल्यावर शाळा-कॉलेज डोळ्यांसमोर येते, पण रेल्वेची इन्स्टिट्यूट म्हणजे करमणुकीची जागा: वाचनालय, बिलियर्डचे टेबल, एका टोकाला रंगमंच आणि मधे नाचासाठी मोकळा हॉल. नाताळ, नवे वर्ष, ईस्टर या निमित्ताने तिथे रात्रभर नाच चाले. इगतपुरी, मनमाड, भुसावळ, खांडवा, जबलपूर अशी एकाच सुरात वागणारी ही साखळी होती.

अशा हॉलमध्ये वाजवणारे बहुतेक वादक पोटापाण्याला वादक नव्हते. दिवसा इंजिनावर कोळसा ओढणारा माणूस रात्री ड्रमवर बसे. पार्सल ऑफिसातला कारकून ॲकॉर्डियन काढी. पियानो, व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम एवढ्यावर फॉक्सट्रॉट आणि वॉल्ट्झ निभत; गिटार नंतर आली आणि हळूहळू पुढच्या रांगेत सरकली. नोकरी चोवीस तासांची, त्यामुळे रेल्वे वसाहतींच्या आठवणींत ‘कॉल बॉय’ हमखास भेटतो: ऐन नाचात हातात वही घेऊन तो हॉलच्या दाराशी उभा राही आणि कुणाला तरी गाडीवर बोलावून नेई. बँडमधला गडीच गेला तर उरलेल्यांनी त्याच्याशिवाय गाणे ओढायचे. या प्रकारच्या संगीताची तबकडी निघत नसे, वर्तमानपत्रात परीक्षण येत नसे, स्वरलिपीचे कागद वापरून फाटून जात. जे वाजले ते फक्त वाजवणाऱ्याच्या आणि नाचणाऱ्याच्या डोक्यात राहिले. म्हणून रात्रीच्या बँडचा इतिहास लिहायचा म्हणजे वादकांच्या आठवणी हाच मूळ दस्तऐवज मानावा लागतो, आणि दस्तऐवज म्हणून तो तपासावाही लागतो.

रेल्वेच्या माणसांना अमेरिकन कंट्री संगीत जवळचे वाटावे याला एक सरळ कारण होते. या संगीताचा पहिला मोठा गायक जिमी रॉजर्स (१८९७–१९३३) स्वतः रेल्वेत ब्रेकमन होता. क्षयाने नोकरी सुटल्यावर तो गाण्याकडे पूर्णवेळ वळला. लांबची गाडी, मागे राहिलेले घर, स्टेशनावरचा निरोप हे त्या गाण्यांचे नेहमीचे विषय. पुढे रेडिओ सिलोनच्या इंग्रजी कार्यक्रमांतून आणि तबकड्यांतून हे संगीत भारतभर पोहोचले. मऊ, खालच्या पट्टीतल्या आवाजाचा जिम रीव्हज १९६४ मध्ये विमान अपघातात गेला, तरी भारतातल्या अँग्लो-इंडियन, गोवेकर आणि ख्रिस्ती घरांत त्याची गाणी कित्येक वर्षे गायली जात राहिली. तीन सूर-मेळांत बसणारे, गिटारवर एकट्याला धरता येणारे हे गाणे हौशी वादकाला परवडणारे होते. वसाहतीतला बँड मोठा राहिला नाही, तेव्हाही एक गिटार आणि दोन गळे यांवर ते उभे राहू शकले.

कंट्री-रॉक हे या झाडाला नंतर फुटलेले धुमारे. १९६८ मध्ये ‘द बर्ड्‌स’ या कॅलिफोर्नियातल्या रॉक गटाने ग्रॅम पार्सन्सला बरोबर घेऊन ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ ही तबकडी काढली. रॉकचा ठेका आणि कंट्रीची पेडल स्टील गिटार एकत्र आणणारी ती पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक. पार्सन्स लगेचच बाहेर पडला आणि ‘फ्लाइंग बरिटो ब्रदर्स’ निघाले. १९७१ मध्ये ‘ईगल्स’ जमले आणि तोच सूर जगभर खपला. या मंडळींची उठबस लॉस एंजेलिसच्या दोन क्लबांत असे: ट्रूबाडूर आणि पालोमिनो. पालोमिनो १९४९ मध्ये सुरू झालेला, मूळचा ट्रकवाल्या-कामगारांचा कंट्री क्लब. लांब केसांच्या पार्सन्सने तिथल्या हौशी गायकांच्या स्पर्धेत उभे राहणे हे धाडसच होते. १९९५ मध्ये पालोमिनो बंद झाला, आणि त्यानंतर तिथे वाजवून गेलेल्यांच्या बोलण्यातच तो अधिक राहिला.

पेडल स्टीलचा तो रडवेला, घसरत जाणारा सूर मराठी कानाला परका नाही. त्याचे मूळ हवाईयन गिटारमध्ये आहे: गिटार आडवी ठेवून तारेवर धातूची पट्टी सरकवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजली. तिथून ती एकीकडे अमेरिकन कंट्रीत गेली आणि दुसरीकडे भारतात आली. तिच्यावर चित्रपटगीते वाजवून व्हॅन शिप्ले यांनी नाव मिळवले. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजवले. त्यामुळे सत्तरच्या दशकात कंट्री-रॉक ऐकणाऱ्या भारतीय वादकाला निदान त्या एका वाद्याची ओळख आधीच झालेली होती. मींड त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

भुसावळच्या वसाहतीतली ही रात्र ओसरली ती मात्र संगीताच्या कारणांनी नव्हे. राज्यघटनेच्या ३३६व्या कलमाने रेल्वे, कस्टम्स, पोस्ट आणि तार या खात्यांतली अँग्लो-इंडियनांची राखीव भरती दर दोन वर्षांनी दहा टक्क्यांनी घटवत दहा वर्षांत संपवायची असे ठरवले. म्हणजे १९६० पर्यंत त्या समाजाचा रेल्वेतला हमखास आधार गेला. कितीतरी कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेली. त्यात मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, आणि पूर्व-पश्चिम खान्देश तेव्हा मुंबई राज्यातच होते. नाच बंद पडला नाही, पण नाचाभोवतीची मोकळीक आवळली गेली. जे वादक राहिले आणि ज्यांना वाजवूनच जगायचे होते, त्यांना एकच दिशा होती: साडेचारशे किलोमीटरवरची मुंबई.

मुंबईत चर्चगेटच्या आसपास, आजच्या वीर नरिमन रस्त्यावर आणि त्याच्या आजूबाजूला, एकेकाळी चालत जाण्याच्या अंतरात अर्धा डझन बँड वाजत असत. अस्टोरिया हॉटेलातले व्हेनिस, गेलॉर्ड, अँबॅसिडर, रिट्झ ही त्यांतली गाजलेली नावे. या बँडमधले बहुसंख्य वादक गोव्याचे. पोर्तुगीज काळातल्या गावोगावच्या चर्चशाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत, आणि त्या शिदोरीवर ते मुंबईत उतरत. राहायची सोय धोबीतलावच्या ‘कुडां’त: गावकऱ्यांनी चालवलेल्या खोल्या, एका भिंतीला पेटाऱ्यांची रांग, कोपऱ्यात गावच्या संताचा देव्हारा. वादक क्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांनी व्हेनिसमध्ये जमवलेल्या रात्रींच्या आठवणी गोव्यात अजून ऐकू येतात. कोकणी गाण्याला जाझची चाल लागली ती याच बँडस्टँडवर.

रात्री क्लबात वाजवणारा वादक सकाळी चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाला हजर असे. ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध असलेला ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ हा मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हटला जाई. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्याबरोबर त्याने काम केले, आणि ‘अलबेला’ (१९५१) मधल्या एका गाण्यात तो आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतो. धुळ्या-जळगावच्या थिएटरात ‘अलबेला’ पाहणाऱ्या प्रेक्षकाने मुंबईचा नाइटक्लब कधी पाहिला नसेल, पण त्याचा ठेका त्याने ऐकला होता आणि त्यावर पायही हलवला होता. हा दुवा महत्त्वाचा आहे. क्लबातले संगीत क्लबाबाहेरच्या महाराष्ट्रात पोहोचले ते चित्रपटाच्या वाटेने, आणि वादकाचे नाव वाटेतच गळून गेले. ग्रेगरी बूथ यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या पुस्तकांनी ती नावे परत मिळवली, आणि त्यासाठी वयस्कर वादकांच्या घरी जाऊन त्यांचे बोलणे ऐकावे लागले.

साठच्या दशकाच्या मध्यावर गिटारवाल्या पोरांचे बँड आले. चार जण, दोन गिटार, एक बास, एक ड्रम. परदेशी वाद्यांवर जबर आयात शुल्क होते, त्यामुळे ॲम्प्लिफायर ओळखीच्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडून जुळवून घ्यायचा, गिटार कुण्या खलाशाकडून किंवा परत निघालेल्या परदेशी पाहुण्याकडून मिळवायची. गाणे बसवायची रीत एकच: तबकडी घासून जाईपर्यंत ऐकायची आणि कानाने उचलायचे. शब्द नीट कळले नाहीत तर जे ऐकू आले तेच गायचे. इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ स्पर्धा भरवल्या आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धकांच्या तबकड्या काढल्या. त्या काळच्या भारतीय बँडचा प्रत्यक्ष आवाज आज ऐकायला मिळतो तो मुख्यतः त्या दोन तबकड्यांत. सिगारेट खपवण्यासाठी केलेली गोष्ट हा संगीताचा सर्वांत भक्कम पुरावा ठरली.

कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबाची गोष्ट हा या विषयाचा सर्वांत बोलका नमुना. ऑक्टोबर १९७२ मध्ये जपानचा दौरा आटोपून ‘लेड झेपेलिन’चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले होते. एका रात्री ते स्लिप डिस्कमध्ये गेले, तिथल्या वादकांची वाद्ये घेऊन वाजवले, गायले. याच मुक्कामात त्यांनी मुंबईतल्या एका स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. स्टुडिओतले ते ध्वनिमुद्रण ४३ वर्षांनी, २०१५ मध्ये, अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. त्यातली सारंगी, सतार, तबला आज कुणालाही ऐकता येतात. क्लबातल्या रात्रीबद्दल मात्र जे काही सांगितले जाते ते उपस्थितांच्या आठवणीवर. कोणती गाणी झाली, किती वेळ वाजवले, किती माणसे होती, यांवर सांगणाऱ्यांचे एकमत नाही. आणि वर्षे जातील तशी ‘मी त्या रात्री तिथे होतो’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढत जाते. लहानशा क्लबात मावतील त्यापेक्षा जास्त साक्षीदार अशा प्रत्येक रात्रीला मिळतात.

त्याच पिढीतला एक मराठी आवाज इथे स्वतंत्रपणे नोंदवायला हवा. आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यदांपत्याचा मुलगा नंदू भेंडे ‘वेल्व्हेट फॉग’ या रॉक बँडचा गायक होता. ॲलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये बसवलेल्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने जूडासची भूमिका गायली. चारच वर्षांनी, १९७८ मध्ये, पु. ल. देशपांडे यांचे आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेले थिएटर ॲकॅडमीचे ‘तीन पैशाचा तमाशा’ आले आणि त्यात तो मराठी रंगमंचावर गाऊ लागला. इंग्रजी रॉकमध्ये तयार झालेला गळा मराठी संगीत नाटकात उभा राहिला, हे मराठी संगीताच्या इतिहासात पुरेसे लिहिले गेलेले नाही. ११ एप्रिल २०१४ रोजी त्याचे निधन झाले तेव्हा त्याच्या पिढीचे कितीतरी वादक अद्याप हयात होते, आणि क्लबांविषयी त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते.

क्लबातले बँड बंद पडले त्यामागे कुठलाही एक खलनायक नाही. सत्तरच्या दशकात डिस्कोथेक आले. तबकड्या लावणारा एक माणूस सहा वादकांपेक्षा स्वस्त पडतो, हे मालकांनी हिशेबाने ओळखले. करमणूक कर आणि परवान्यांचा जाच वाढला. चित्रपटाच्या स्टुडिओत दिवसाचे पैसे जास्त मिळत, म्हणून चांगले वादक रात्रीचे काम सोडू लागले. काही जण देश सोडून गेले. एकेका जागेचे नाव बदलले, भिंती रंगल्या, मधली जमीन टेबलांनी भरली.

खान्देशात हीच उलथापालथ जराशी उशिरा आणि वेगळ्या अंगाने झाली. इथे नाइटक्लब नव्हता. रात्रीचा बँड होता तो लग्नाच्या वरातीत आणि गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात. पितळी वाद्यांचे बँड मूळचे पलटणीतले. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, सॅक्सोफोन, साइड ड्रम आणि बास ड्रम घेऊन ते गावोगावच्या लग्नांत शिरले. मास्तर पुढे क्लॅरिनेटवर, बाकीचे मागे. चाल मास्तराने उचलायची आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे डोळा ठेवून धरायची. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास लग्नांची गर्दी उसळते, तेव्हा एका दिवसात दोन-दोन सुपाऱ्या घेतल्या जात आणि वादक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून एका गावाहून दुसऱ्या गावाला जात. पुढे बेंजो आला. गल्लीबोळांतल्या पोरांना परवडणारे हे वाद्य म्हणजे बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज जपानी ताइशोगोतो १९१२ चा. त्याला विजेचा पिकअप लावला की एकट्या बेंजोवर अख्खी वरात नाचते, आणि अहिराणी गाण्याच्या चढ्या, ठसकेबाज चालीला तो बरोबर बसतो. मग कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, बँड गाडीवर चढला, आणि शेवटी डीजेने ती गाडीही घेतली. क्लबात डिस्कोथेकने जे केले तेच रस्त्यावर डीजेने केले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवायला लावणारे ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. त्यांनी वरातीची वेळ बदलली, बँडचे दिवस परत आणले नाहीत.

वरातीतल्या वादकाकडे आणि क्लबातल्या वादकाकडे एकाच नजरेने पाहायला हवे, असे या विषयाच्या अभ्यासातून दिसते. बूथ यांनीच चित्रपट-वादकांच्या आधी वरातीच्या बँडवर ‘ब्रास बाजा’ (२००५) हे पुस्तक लिहिले, हा योगायोग नाही. दोघेही ऐकणाऱ्याच्या फर्माइशीवर जगतात, दुसऱ्याचे गाणे वाजवतात, आणि दोघांचीही नावे श्रोत्याला ठाऊक नसतात. म्हणून दोघांच्या आठवणी विचारतानाही तेच प्रश्न उपयोगी पडतात. ‘कोण मोठा पाहुणा आला होता?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर फार वेळा सांगून गुळगुळीत झालेले असते. बिदागी किती आणि कुणाच्या हातात पडे, कपडे कुणी शिवून दिले, पट्टी कुठली धरत, कुठल्या गाण्याला लोक उठून नाचत आणि कुठल्या गाण्याला जेवायला जात, रात्री घरी कसे परतत, या प्रश्नांची उत्तरे ताजी आणि बहुधा खरी निघतात. साल चुकते, दोन रात्री एक होतात, पण ट्रम्पेटचा अडकणारा खटका किंवा हॉलच्या कुठल्या कोपऱ्यात आवाज बसत असे, हे वादक विसरत नाही. त्याच्या कामाची ती आठवण असते.

तरी ताळा पाहावा लागतो. मुंबईत वर्तमानपत्रांतल्या हॉटेलांच्या जाहिराती आणि १९५१ च्या पोलीस कायद्याखाली करमणुकीला दिलेले परवाने उपयोगी पडतात. जळगाव-धुळ्यात गणेश मंडळांच्या स्मरणिका आणि जमाखर्चाच्या वह्या पाहाव्यात: ऑर्केस्ट्राला किती दिले, तारीख कोणती, कधी कधी गायकाचे नावही. लग्नाच्या अल्बमांत वरातीचे एक तरी छायाचित्र असतेच, आणि त्यात नवरदेवाच्या घोड्यापुढे बँड असतो. भुसावळच्या जुन्या वसाहतीतून परदेशी गेलेल्या कुटुंबांच्या पेट्यांतही तशीच छायाचित्रे असणार: नाताळची रात्र, कागदी झिरमिळ्या, मागे बँड. बँड कुठलाही असो, छायाचित्रात आधी बास ड्रमचे कातडे पाहावे. त्यावर बँडचे नाव रंगवलेले असते, वरातीच्या बँडचे असेल तर गावही, आणि अलीकडच्या फोटोत मास्तराचा फोन नंबर.